गांवचें संगीत नाटक आणि पात्रांची निवड

धर्मग्रामाचा महोत्सव म्हटला कीं त्यांत तीन गोष्टी येतातच: कृतज्ञतेची मिस्सा, सर्वांचें एकत्र भोजन आणि रात्रीं नाटक. पहिल्या दोहोंविषयीं सहसा वाद होत नाहीं. तिसरीविषयीं मात्र होतो, आणि तोही नाटक कसें वठलें ह्याविषयीं नसून पात्रें कोणीं व कशीं निवडलीं ह्याविषयीं असतो. यंदां महोत्सवानिमित्त प्रभूच्या दुःखसहनाचें व पुनरुत्थानाचें एक संगीत नाटक उन्हाळ्यांत करावें, त्यांत पूर्वीं काम केलेल्या मंडळींस पुनः बोलवावें व नव्यांच्या गळ्याची परीक्षा घ्यावी, असा विचार निघतांच आम्हांपुढें दोन पक्ष येऊन उभे राहिले. एकाचें म्हणणें, "आम्ही बारा महिने येथें राहतों, दर रविवारीं गातों, उन्हाळ्यांत पाहुण्यासारखे येणाऱ्यांनीं मुख्य पात्रें कां घ्यावींत?" दुसऱ्याचें म्हणणें, "आम्ही पोटासाठीं बाहेर गेलों, हौसेनें नव्हे. तेवढ्यानें काय परके झालों?" दोघांच्याही म्हणण्यांत अर्थ आहे. हा वाद आपल्याच गांवीं उपजला आहे असें मात्र कोणीं समजूं नये. जेथें जेथें गांवानें मिळून गाण्याचें नाटक केलें, तेथें तेथें तो झाला आहे, आणि त्याचा निकाल निरनिराळ्या ठिकाणीं निरनिराळा लागला आहे. त्या इतिहासांतील कांहीं गोष्टी वाचकांपुढें ठेवाव्या, एवढाच ह्या लेखाचा हेतु.

प्रथम आपल्या मुलखाची स्थिति पाहूं. इतरत्र उन्हाळा म्हणजे माणसें घर सोडून चार दिवस हवा पालटण्यास जाण्याचा काळ. लिंबागणेश व भोंवतालच्या बालाघाटच्या खेड्यांत ह्याच्या अगदीं उलट. येथें गांव रिकामा होतो तो दसरा-दिवाळीनंतर. साखर कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू झाला कीं मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठीं नवराबायको मिळून एक 'कोयता' म्हणून पश्चिम महाराष्ट्रांत, कांहीं थेट कर्नाटकांत जातात. धाकटीं मुलें पाठीशीं बांधलेलीं, थोरलीं आजीआजोबांपाशीं ठेवलेलीं. हंगाम संपून बिऱ्हाडें परत येऊं लागतात तीं फाल्गुन-चैत्रांत, आणि गांव खऱ्या अर्थानें भरतो वैशाखांत. त्याच सुमारास बोर्डिंगांत शिकून पुणें, चाकण, वाळूज अशा ठिकाणीं नोकरीस लागलेलीं मुलेंही रजा घेऊन घरीं येतात. म्हणजे नाताळच्या मध्यरात्रीं वेदीपुढें जो गायनवृंद उभा राहतो, त्यांतले निम्मे गळे उसाच्या फडांत असतात. राहिलेले लोक जे गातात तें भक्तीनें गातात, ह्यांत शंका नाहीं. परंतु सगळा गांव एका सुरांत गातांना ऐकावयाचा असेल तर उन्हाळाच पाहिजे.

ईस्टरचा सण तिथीप्रमाणें मागेंपुढें होतो, २२ मार्च व २५ एप्रिल ह्यांच्या दरम्यान केव्हांही येतो. तो लवकर आला तर आपलीं निम्मीं माणसें पवित्र सप्ताहांतही परगांवींच असतात. म्हणून दुःखसहनाचें नाटक पवित्र सप्ताहांतच व्हावें असा हट्ट धरणाऱ्यांना आम्ही एवढेंच सांगतों कीं पुनरुत्थानकाळ पन्नास दिवसांचा आहे. पेंटेकॉस्टपर्यंत वाट पाहण्यास जागा आहे. ह्याला आधार आहे, आणि तो जगांतील अशा नाटकांपैकीं सर्वांत प्रसिद्ध अशा नाटकाचा आहे.

जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतांत, आल्प्स पर्वताच्या कुशींत, ओबरआमरगाउ नांवाचें सुमारें पांच हजार वस्तीचें एक खेडें आहे. लांकडावर कोरीव काम करणें हा तेथील जुना धंदा. १६३३ सालीं, तीस वर्षांच्या युद्धाच्या धामधुमींत, त्या गांवांत प्लेग शिरला. कास्पार शिस्लर नांवाचा एक मजूर दुसऱ्या गांवीं कामास गेला होता. सणासाठीं घरीं येतांना त्यानें रोग बरोबर आणला, अशी परंपरागत हकीकत आहे. (परगांवीं मजुरी करून सणाला घरीं परतलेला माणूस! त्या नाटकाच्या जन्माशींच तो उभा आहे, हें आपल्या जिल्ह्यांतील वाचकांच्या ध्यानांत राहील.) गांवानें नवस केला कीं संकट टळल्यास प्रभूच्या दुःखसहनाचें नाटक दर दहा वर्षांनीं करूं. पहिला प्रयोग १६३४ सालीं झाला, आणि तो पवित्र सप्ताहांत नव्हे, तर पेंटेकॉस्टच्या सणाला, चर्चच्या आवारांतील स्मशानभूमीवर, प्लेगनें मेलेल्यांच्या थडग्यांवर मंच उभारून. पुढें १६८० पासून दशकाच्या आरंभीचें साल ठरलें. १७७० सालीं सरकारनें असल्या नाटकांना बंदी घातली. ग्रामस्थांनीं अर्जविनंत्या सोडल्या नाहींत. १८११ सालीं एट्टाल येथील मठवासी धर्मगुरु ओथमार वाइस ह्यांनीं नवी संहिता लिहिली आणि गांवचे शिक्षक व ऑर्गनवादक रोखुस डेडलर ह्यांनीं तिला संगीत दिलें. शाळामास्तरानें आपल्या गांवच्या गळ्यांसाठीं बांधलेलें हेंच संगीत, दुरुस्त्या होत होत, आजही त्या नाटकाचा पाया आहे. युद्धामुळें १९२० चें नाटक १९२२ सालीं झालें, १९४० चें झालेंच नाहीं, आणि २०२० चें कोविडच्या साथीमुळें २०२२ च्या उन्हाळ्यांत, १४ मेपासून २ ऑक्टोबरपर्यंत झालें. रोगाच्या नवसानें जन्मलेलें नाटक रोगानेंच दोन वर्षें थांबविलें.

ह्या नाटकाचें वैभव कित्येक प्रवाशांनीं वर्णिलें आहे. तें आम्ही वर्णीत बसणार नाहीं. आम्हांस प्रयोजन आहे तें निवडीच्या रीतीचें. नाटकांत भाग घेण्याचा हक्क गांवांत जन्मलेल्यास, किंवा तेथें वीस वर्षें राहिलेल्यास. गळा कितीही गोड असला तरी मोलानें आणलेला गवई तेथें चालत नाहीं. नाटकाच्या आदल्या वर्षीं राखेच्या बुधवारीं दवंडीवजा हुकूम निघतो कीं ज्यांना काम करावयाचें आहे त्यांनीं आजपासून केस व दाढी कापूं नये. मग नाटक संपेपर्यंत गांवचा सुतार, पोस्टमन आणि हॉटेलवाला सारे जुन्या करारांतून चालत आल्यासारखे दिसतात. सुमारें दोन हजार माणसें, म्हणजे गांवाच्या पांच हिश्श्यांपैकीं जवळजवळ दोन, कोणत्या ना कोणत्या कामावर असतात. परगांवीं शिकणारीं वा नोकरी करणारीं मुलें त्या वर्षीं रजा काढून घरीं येतात. पूर्वीं निवडीच्या दिवशीं समितीचे सभासद मिस्सा ऐकून मग मतें देत, अशी रीत होती. आतां दिग्दर्शक नांवें सुचवितो व ग्रामसभा त्यांस मान्यता देते. २०२० च्या नाटकासाठीं ऑक्टोबर २०१८ मध्यें नाट्यगृहासमोर सारा गांव जमला होता आणि एकेक नांव फळ्यावर खडूनें लिहिलें गेलें. आपलें नांव येतें कीं शेजाऱ्याचें, हें सगळ्यांच्या देखत कळतें. गुप्तपणें निवड करून मागून कुजबूज वाढविण्यापेक्षां ही रीत आम्हांस शतपट चांगली वाटते.

आतां मुख्य गोष्टीकडे येऊं. एकदां प्रभूची भूमिका केलेला माणूस दहा वर्षांनीं पुनः आला, तर त्याचें काय करावयाचें? योझेफ मायर नांवाचे गृहस्थ १८७० सालीं प्रभूच्या भूमिकेसाठीं निवडले गेले. त्याच वर्षीं फ्रान्सशीं युद्ध जुंपून प्रयोग मध्येंच थांबले व १८७१ सालीं पुरे झाले. पुढें १८८० व १८९० सालींही तीच भूमिका मायर ह्यांनीं केली. तीन वेळां! युरोप-अमेरिकेंत त्यांचें नांव झालें. त्यांच्या तोडीचा नट होणार नाहीं असें लोक बोलूं लागले. १९०० सालीं गांवानें ती भूमिका आंटोन लांग ह्या पंचविशींतल्या कुंभाराला दिली. मायर ह्यांनीं काय केलें? ते रुसून घरीं बसले नाहींत. प्रत्येक प्रवेशापूर्वीं पुढें येऊन प्रेक्षकांस प्रसंगाचा अर्थ सांगणारा जो प्रस्तावक, म्हणजे आपल्या जुन्या नाटकांतील सूत्रधारच म्हणा, त्याचें काम त्यांनीं पत्करलें. आणि ज्या क्रूसावर आपण तीन वेळां चढलों त्यावर दुसरा चढतांना सबंध उन्हाळाभर पाहिला. विशेष म्हणजे हें एकदांच घडलें नाहीं. आंटोन लांग ह्यांनींही १९००, १९१० व १९२२ अशी तीन वेळां ती भूमिका केली, त्यांची कीर्ति तर मायर ह्यांच्याहूनही मोठी झाली, आणि १९३० सालीं भूमिका आलोइस लांग ह्यांच्याकडे जातांच तेही सूत्रधाराच्या जागीं जाऊन उभे राहिले. जुन्यानें नव्याला जागा द्यावी, पण मंच सोडून जाऊं नये, अशी ही त्या गांवची चाल पडली. आमच्या मतें सोळाशें तेहतीसच्या नवसाइतकीच ही चाल मोलाची आहे. नवस प्लेगच्या भयानें झाला होता. ही चाल कोणाच्याही भयानें पडलेली नाहीं.

परंतु त्या गांवाची स्तुति करतांना त्याचा डागही सांगितला पाहिजे. महोत्सवाच्या पुस्तकांत गोड तेवढेंच लिहिण्याची संवय आम्हांस मान्य नाहीं. त्या नाटकांत शतकानुशतकें यहुदी लोकांना प्रभूचे मारेकरी म्हणून रंगविलें जाई, त्यांचे पोशाख व शिंगांसारखीं टोपणें हेंही तसेंच. १९३४ सालीं, नाटकाच्या तीनशाव्या वर्षीं, हिटलर तें पाहण्यास गेला होता व त्याला तें पसंत पडलें, ह्यांतच सारें आलें. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेनें १९६५ सालीं प्रभूच्या मरणाचा दोष यहुदी लोकांवर लादण्याचें नाकारलें. तरी १९७० चा प्रयोग जुन्याच संहितेवर बेतलेला होता आणि त्यावर बहिष्काराची हांक उठली. १९९० पासून ख्रिस्तियान श्ट्यूक्ल ह्या दिग्दर्शकानें, तोही त्याच गांवचा, संहिता पुनः पुनः तपासली. २०१० च्या प्रयोगांत यहुद्यांची 'शमा' ही प्रार्थना हिब्रू भाषेंत गायिली गेली. म्हणजे प्रभु स्वतः ज्या भाषेंत प्रार्थना करीत वाढले ती तेथें निदान ऐकूं आली. हा बदलही निवडीपर्यंत पोंचला. पूर्वीं विवाहित स्त्रिया व पस्तीस वर्षांवरील स्त्रिया ह्यांना नाटकांत मज्जाव होता. कांहीं स्त्रियांनीं न्यायालयांत जाऊन तो मोडला आणि १९९० पासून सर्व वयाच्या स्त्रिया काम करूं लागल्या. २०२२ सालीं यहूदाची भूमिका तुर्की वंशाच्या एका मुसलमान घराण्यांतील, पण त्याच गांवीं वाढलेल्या, तरुणानें केली. नियम जन्माचा व वास्तव्याचा होता. तो धर्माचा किंवा घराण्याचा नाहीं हें कळण्यास त्या गांवाला साडेतीन शतकांहून अधिक काळ लागला.

हें वाचून कोणी म्हणेल कीं तें दूरदेशचें उदाहरण. आपल्याकडे गाण्याचें नाटक करण्याची रीतच कोठें होती? तर तसें नाहीं. गाऊन सांगण्याची परंपरा आपल्या ख्रिस्ती मराठीच्या उगमापाशींच आहे. १५७९ सालीं गोव्यास आलेले जेझुइट धर्मगुरु थॉमस स्टीफन्स ह्यांचें 'क्रिस्तपुराण' १६१६ सालीं रायतूर येथें छापून निघालें. त्याच्या दहा हजारांवर ओंव्या आहेत, आणि त्या मनांतल्या मनांत वाचण्यासाठीं नव्हत्या, लोकांपुढें म्हणण्यासाठीं होत्या. जेझुइटांच्या विद्यालयांत तर नाटक हा शिक्षणाचा भागच होता. त्यांच्या १५९९ च्या अभ्यासनियमांत नाटकाला जागा आहे. मात्र तें लॅटिन भाषेंत असावें, क्वचित् व्हावें, आणि त्यांत स्त्रीपात्र किंवा स्त्रीवेष असूं नये, असा दंडक आहे. मरियेशिवाय क्रूस व मग्दलेशिवाय रिकामी कबर कशी दाखवीत असतील तें ते गुरुजन जाणोत. आपल्या गोदाकांठीं पैठणास एकनाथ महाराजांनीं (१५३३ ते १५९९) भारुडें रचलीं, त्यांत जोशी, वासुदेव, गोंधळी अशीं सोंगें घेऊन परमार्थ सांगितला. ह्या मुलखाचा कान आणि डोळा त्या सोंगांवर तयार झालेला आहे. भारुड म्हणणाऱ्याला कोणीं कागद वाचावयास सांगून निवडीत नसत. हा मुद्दा पुढें येईल.

परगांवीं गेलेल्यांनीं नाट्यकला जिवंत ठेविली, किंबहुना नवीनच निर्माण केली, ह्याचें उदाहरण आपल्याच धर्मबंधूंचें आहे. गोव्यांतील ख्रिस्ती खेडुतांचा 'खेळ' कार्निव्हलच्या दिवसांत घरांच्या अंगणांत होई. पोटासाठीं मुंबईस गेलेले गोमंतकीय तेथें कुडांत राहत, म्हणजे एकेका गांवच्या लोकांनीं चालविलेल्या सामायिक बिऱ्हाडांत. त्यांना ह्या खेळाची आठवण होई. त्यांत लुकासिन्यू रिबेरो नांवाचा एक तरुण होता. मुंबईस आलेल्या एका इटालियन संगीत नाटकमंडळींत त्याला पडद्यामागील हलकें काम मिळालें. मंडळीबरोबर तो फिरला, आणि पाहून पाहून शिकला. पुढें त्या मंडळीचे कांहीं पोशाख विकत घेऊन सोबत्यांच्या साह्यानें त्यानें 'इटालियन भुरगो' हें कोंकणी नाटक उभें केलें. तें १७ एप्रिल १८९२ रोजीं, ईस्टरच्या रविवारीं, मुंबईस झालें, आणि त्या दिवसापासून 'तियात्र' ह्या प्रकाराचा आरंभ धरतात. त्या पहिल्या मंडळींतील जुवांव आगुस्तीन फेर्नांदिस हे पुढें तियात्राचे जनक म्हणून ओळखले गेले. १९०४ सालीं त्यांच्या पत्नी रेजिना ह्या रंगभूमीवर आल्या, तोंवर स्त्रियांचीं कामें पुरुषच करीत. मे महिन्याच्या रजेंत मुंबईकर गोमंतकीय गांवीं आले कीं गांवच्या मंचावर त्यांची गर्दी होई. आतां विचार करा. बाहेर गेलेल्यांस त्या लोकांनीं परके म्हटलें असतें तर तियात्र कोठून आला असता? जो परगांवीं जातो तो कांहीं गमावतो हें खरें, पण कांहीं आणतोही. उसाच्या फडावर निरनिराळ्या जिल्ह्यांचीं माणसें एकत्र राहतात. तेथून दर वर्षीं नव्या चाली आपल्या बायाबापड्या गुणगुणत येतात, हें आमच्या कानांना ठाऊक आहे.

व्यावसायिक मराठी संगीत रंगभूमीचा कित्ता आपण सर्वस्वीं गिरवूं नये. तरी त्यांतील एकदोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. अण्णासाहेब किर्लोस्करांचें 'संगीत शाकुंतल' ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्यास रंगभूमीवर आलें, तेव्हांपासून नट निवडतांना गळा आधीं व अभिनय मग अशी रीत पडली. बडोद्याकडील भाऊराव कोल्हटकर ह्यांचा गळा ऐकून मंडळीनें त्यांना घेतलें. शकुंतला व सुभद्रा ह्या भूमिकांत त्यांनीं महाराष्ट्र वेडा केला. पण वय वाढलें तसे ते स्त्रीभूमिका सोडून नायकाच्या भूमिकांकडे वळले. बालगंधर्व १९०५ सालीं त्याच मंडळींत आले. त्यांचें गाणें अलौकिक. तरी पन्नाशी ओलांडल्यावरही ते स्त्रीभूमिका करीत राहिले, आणि रसिकांनीं त्या केवळ गाण्यासाठीं सोसल्या, असें आमचें मत आहे. कोल्हटकर कमी प्रसिद्ध असतील. ह्या एका बाबतींत ते अधिक शहाणे ठरले. जुलै १९२१ मध्यें टिळक स्वराज्य फंडासाठीं बालगंधर्व व केशवराव भोसले ह्या दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांच्या मालकांनीं मुंबईस एकत्र 'मानापमान' केलें, तो प्रसंग अजून लोक सांगतात. एकाच पदाला दोन अधिकारी असले म्हणजे भांडण होतें असें नाहीं. काम मोठें असलें तर दोघेही मावतात. आणि स्त्रियांच्या प्रवेशाचा प्रश्न मराठी रंगभूमीवरही १ जुलै १९३३ रोजीं 'आंधळ्यांची शाळा' ह्या नाटकानें बराच सोडविला. त्यांत कुलीन स्त्रियांनीं स्त्रियांचीं कामें केलीं. तेव्हां आपल्या नाटकांत मरिया, मार्था व वेरोनिका ह्या मुलींनीं व स्त्रियांनींच करावयाच्या, मिशी काढलेल्या गड्यांनीं नव्हे, ह्यावर वाद नको.

आतां गळ्याच्या परीक्षेविषयीं. गेल्या कित्येक वर्षांत अनेक ठिकाणच्या निवडी आम्हीं पाहिल्या. बहुतेक ठिकाणीं परीक्षा म्हणजे पेटीसमोर उभें करून हातांत कागद देणें. जो भराभर वाचतो तो पुढें जातो, जो अडखळतो तो मागें राहतो. ही गळ्याची परीक्षा नव्हे, शाळेची परीक्षा आहे. आणि ज्या मुलाचें निम्मेंअधिक वर्ष कोपीवर गेलें तो तींत नापास व्हावयाचाच. त्याच्या शाळेचें नुकसान झालें तें झालें. त्याच कारणानें त्याचें गाणेंही काढून घेणें हा दुहेरी अन्याय होईल. म्हणून ज्याला जें पाठ आहे तें त्यानें म्हणावें: भजन, भलरी, पाळणा, काय वाटेल तें. मग एक नवी ओळ तीनदां ऐकवावी आणि चौथ्यांदां म्हणवून घ्यावी. कानानें शिकणाऱ्यांची पारख अशीच होते. दुसरें, पट्टीचा हट्ट नको. एका पट्टींत पुरुष व स्त्रिया दोघांनाही गाण्यास लावलें म्हणजे कोणाचा तरी गळा ताणला जातो. पुरुषांस काळी एक सोयीची वाटली तर स्त्रियांस काळी चार किंवा पांच द्यावी लागते. चवदा-पंधरा वर्षांच्या मुलांचा आवाज फुटत असतो. त्यांना यंदां समूहांत ठेवावें, नाकारलें असें म्हणूं नये.

कोणाच्या देणगीवरून भूमिका द्यावयाची नाहीं, हें वेगळें लिहिण्याची गरज नसावी, पण लिहितों. आणखी एक. यहूदा व कयफा ह्यांच्या वेषभूषेंत ओबरआमरगाउच्या लोकांनीं जें केलें तें आपण दुसऱ्या रूपानें करूं नये. मागें एका गांवीं यहूदाला मुकादमाचा पटका व हातांत उचलीची वही दिली होती. लोक खूप हंसले. परंतु समोर बसलेला एक खराखुरा मुकादम, जो त्याच धर्मग्रामाचा होता, तो उठून गेला. मुकादमाच्या हिशोबाविषयीं बोलावयाचें असेल तें तोंडावर, दिवसाढवळ्या बोलावें. तीस रुप्यांच्या नाण्यांसाठीं प्रभूला विकणारा माणूस हा प्रभूच्याच बारा जणांपैकीं, एकाच ताटांत हात घालणारा होता. त्याला दुसऱ्या कोणाचा वेष चढविला म्हणजे आपण सुटलों असें होत नाहीं.

राहणाऱ्यांचा व परतणाऱ्यांचा जो वाद, त्याविषयीं मंडळींशीं बोलून आम्हीं असें ठरविलें आहे. हक्क हजेरीच्या वहीवरून धरावयाचा नाहीं. ह्या धर्मग्रामांत ज्याचा बाप्तिस्मा झाला किंवा ज्याचें घर येथें आहे, तो सहा महिने फडावर असो कीं वर्षभर चाकणला असो, परीक्षेस उभा राहूं शकतो. उलट, जे वर्षभर येथें गातात त्यांच्या श्रमाला मान म्हणून समूहगानांची सूत्रें त्यांच्याच हातीं राहतील. त्यांनीं शिकवावें, परतलेल्यांनीं शिकावें. मुख्य भूमिकांसाठीं ओबरआमरगाउप्रमाणें प्रत्येकीं दोन पात्रें घेऊं, एक राहणारें व एक परतणारें, आणि दोन रात्रीं दोन प्रयोग करूं. ज्यांनीं पूर्वीं प्रभूची भूमिका केली आहे त्यांना ती पुनः मिळणार नाहीं. त्यांच्यासाठीं सूत्रधाराचें काम राखून ठेविलें आहे. त्यांतील एकानें आमच्या सांगण्यापूर्वींच तें मागून घेतलें, हें येथें नमूद करण्यास आनंद वाटतो.

परीक्षा वैशाखांत शेवटची बिऱ्हाडें आल्यावर होईल. तालमी रात्रीं जेवणानंतर शाळेच्या अंगणांत, दिवसाच्या उन्हांत नाहीं. प्रयोग मृगापूर्वीं उरकले पाहिजेत, कारण पाऊस पडल्यावर कोणाला पेरणीवांचून दुसरें सुचणार नाहीं. निवडलेल्यांचीं नांवें रविवारच्या मिस्सेनंतर सर्वांसमक्ष फळ्यावर खडूनें लिहिलीं जातील. ज्यांना वाचतां येत नाहीं त्यांच्यासाठीं तीं दोनदां मोठ्यानें म्हणूनही दाखविलीं जातील.